कॉम्प्युटरला मॉनिटर जोडताना योग्य केबल कशी निवडावी

नवीन मॉनिटर घरी आला की खोक्यातली केबल काढायची, ती बसली नाही तर खणातली जुनी शोधायची, आणि पडद्यावर चित्र आलं की काम झालं असं मानायचं, हा बहुतेक घरांतला शिरस्ता आहे. चित्र येतंही. पण २७ इंची ४के मॉनिटरवर माउसचा बाण तुटक-तुटक सरकतो, लांबलचक पान खाली ओढताना ओळी अडखळत जातात, आणि तासाभरात डोळे शिणतात. मग मॉनिटरला नावं ठेवली जातात. तपासून पाहिलं तर तो मॉनिटर सेकंदाला ६० ऐवजी ३० वेळाच चित्र बदलत असतो, कारण मधली केबल किंवा ती ज्या पोर्टात लावली आहे तो पोर्ट, दोघांपैकी एकाला त्याहून जास्त झेपत नाही.

केबल कितीही भारी आणली तरी मॉनिटरच्या मूळ कुवतीत भर पडत नाही. अपुरी आणली तर मात्र पैसे मोजून घेतलेली कुवत वाया जाते. म्हणून माझा आग्रह असा, की दुकानात जाऊन ‘एक एचडीएमआय केबल द्या’ म्हणण्याआधी घरीच तीन गोष्टी ठरवाव्यात: चित्र कोणतं हवंय, दोन्ही टोकांना पोर्ट कोणते आहेत, आणि अंतर किती आहे. केबलचं नाव त्यातून आपोआप निघतं.

पहिली पायरी: चित्राचं ओझं मोजा

मॉनिटरच्या खोक्यावर किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर दोन आकडे शोधा. एक रिझोल्यूशन, म्हणजे पडद्यावर आडवे-उभे किती ठिपके आहेत ते. दुसरा रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने उमटतं ते. हा हर्ट्झमध्ये असतो. हे दोन आकडे आणि प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी लागणारे २४ बिट यांचा गुणाकार म्हणजे केबलवरचं ओझं.

नेहमीचा फुल एचडी मॉनिटर घ्या. १९२० गुणिले १०८० गुणिले ६० गुणिले २४ केलं की सेकंदाला साधारण ३ गिगाबिट, म्हणजे ३ अब्ज बिट होतात. ४के, म्हणजे ३८४० गुणिले २१६० ठिपक्यांचा मॉनिटर ६० हर्ट्झवर चालवायचा तर हाच गुणाकार १२ गिगाबिटच्या जवळ जातो. शिवाय दोन चित्रांच्या मध्ये थोडा रिकामा वेळ सोडावा लागतो. तो धरला तर ४केचं प्रचलित माप सव्वाचौदा गिगाबिट भरतं. गेमिंगसाठी लोकप्रिय असलेला १४४०पी मॉनिटर, म्हणजे २५६० गुणिले १४४० ठिपक्यांचा, १६५ हर्ट्झवर चालवला तर रिकामा वेळ न धरताच साडेचौदा गिगाबिट होतात.

हा हिशेब कागदावर करून ठेवा. पुढे पोर्टची कुवत याच आकड्याशी ताडून पाहायची आहे.

दुसरी पायरी: दोन्ही टोकांचे पोर्ट ओळखा

टॉर्च घेऊन मॉनिटरच्या मागे आणि कॉम्प्युटरच्या मागे नीट बघा. मोबाइलवर फोटो काढून ठेवलात तर दुकानात उपयोगी पडतो.

निळ्या रंगाचा, १५ भोकांचा, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेला पोर्ट म्हणजे व्हीजीए. आयबीएमने १९८७ साली तो आणला. यातून अ‍ॅनालॉग सिग्नल जातो, आवाज जात नाही. आज तो फक्त जुना प्रोजेक्टर किंवा जुना मॉनिटर वापरायचा असेल तरच घ्यावा. फुल एचडी चित्र त्यातून जातं, पण स्वस्त, लांब केबलवर अक्षरांच्या कडा पुसट होतात आणि कधी कधी उजवीकडे हलकी सावलीही दिसते. दोन्ही बाजूंना डिजिटल पोर्ट असताना व्हीजीए लावणं म्हणजे मुद्दाम वाईट चित्र घेणं होय.

त्याहून रुंद, बहुधा पांढऱ्या रंगाचा, चौकोनी भोकांच्या रांगा असलेला पोर्ट म्हणजे डीव्हीआय. हा १९९९ सालचा. यात सिंगल लिंक आणि ड्युअल लिंक असे दोन प्रकार आहेत. सिंगल लिंकवर १९२० गुणिले १२०० पर्यंत ६० हर्ट्झ मिळतात, ड्युअल लिंकवर २५६० गुणिले १६०० पर्यंत. केबलच्या प्लगमध्ये मधल्या पिना गायब असतील तर ती सिंगल लिंक समजावी. जुना मॉनिटर चांगला चालत असेल तर डीव्हीआय केबल खुशाल वापरा. नव्या मॉनिटरवर हा पोर्ट बहुधा नसतोच.

एचडीएमआय सगळ्यांच्या ओळखीचा: चपटा, खालचे दोन कोपरे आत वळलेले, १९ पिनांचा. डिस्प्लेपोर्ट दिसायला त्याच्यासारखाच, पण त्याचा एकच कोपरा कापलेला असतो आणि पिना २० असतात. घाईत एकाचा प्लग दुसऱ्यात रेटणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. आतली पातळ जीभ वाकली की तो पोर्ट संपला, म्हणून प्लग सहज आत गेला नाही तर थांबून कोपरे बघा.

आणि शेवटी लहान, लंबगोल टाइप-सी, जो आता जवळपास प्रत्येक लॅपटॉपवर आहे. त्यातून चित्र जातं की नाही हे नुसतं पाहून कळत नाही, म्हणून त्याच्याबद्दल पुढे स्वतंत्र लिहिलं आहे.

डेस्कटॉप असेल तर इथेच एक गोष्ट तपासा, कारण यात फार लोक फसतात. कॅबिनेटच्या मागे वरच्या भागात, यूएसबी आणि नेटवर्कच्या पोर्टांजवळ, उभ्या रांगेत जे पोर्ट असतात ते मदरबोर्डचे. त्याखाली आडव्या पट्टीत जे असतात ते ग्राफिक्स कार्डचे. वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असेल तर मॉनिटर त्या खालच्या पट्टीलाच लावायचा. वर लावलात तर दोन गोष्टी होऊ शकतात. एक तर काहीच दिसणार नाही, कारण इंटेलच्या ‘एफ’ अक्षराने संपणाऱ्या प्रोसेसरांत आणि एएमडीच्या अनेक जुन्या रायझनमध्ये अंगभूत ग्राफिक्सच नसतं. नाहीतर चित्र दिसेल, पण हजारो रुपयांचं कार्ड बाजूला पडून प्रोसेसरच्या साध्या ग्राफिक्सवर काम चालेल.

तिसरी पायरी: एचडीएमआय असेल तर आवृत्ती आणि केबलचं नाव जुळवा

एचडीएमआयचा पोर्ट २००२ पासून दिसायला तोच आहे, आतली कुवत मात्र बदलत गेली. २००९ च्या १.४ आवृत्तीची मर्यादा १०.२ गिगाबिट, त्यातून प्रत्यक्ष चित्रासाठी ८ च्या आसपास उरतात. म्हणून त्यावर ४के लावलं की ३० हर्ट्झवर अडतं. २०१३ च्या २.० आवृत्तीत १८ गिगाबिट आले, चित्रासाठी १४.४. आपला ४के ६० हर्ट्झचा सव्वाचौदाचा हिशेब यात अगदी काठोकाठ बसतो. २०१७ च्या २.१ मध्ये ही कुवत ४८ गिगाबिटपर्यंत गेली, म्हणजे ४के १२० हर्ट्झही आरामात.

आता वरचा १४४०पी, १६५ हर्ट्झचा मॉनिटर आठवा. त्याला साडेचौदाहून जास्त हवेत आणि एचडीएमआय २.० कडे १४.४ आहेत. म्हणूनच असे कितीतरी मॉनिटर एचडीएमआयवर १४४ हर्ट्झलाच थांबतात आणि पूर्ण १६५ फक्त डिस्प्लेपोर्टवर देतात. केबल बदलून हा फरक भरून निघत नाही, पोर्टच बदलावा लागतो. मॉनिटरच्या माहितीपुस्तिकेत प्रत्येक पोर्टसमोर त्याचा जास्तीत जास्त रिफ्रेश रेट दिलेला असतो. ती ओळ वाचायला दोन मिनिटं लागतात आणि चुकीची खरेदी टळते.

लॅपटॉपवाल्यांनीही हे लक्षात ठेवावं. इंटेलच्या आठव्या पिढीपर्यंतच्या बऱ्याच लॅपटॉपचा एचडीएमआय पोर्ट १.४ चाच असतो. त्याला ४के मॉनिटर लावून ३० हर्ट्झ मिळाले तर कितीही महाग केबल आणून उपयोग नाही. त्याच लॅपटॉपला चित्र देणारा टाइप-सी किंवा मिनी डिस्प्लेपोर्ट असेल तर तिथून मात्र ४के ६० हर्ट्झ बहुधा मिळतात. नवा लॅपटॉप घेण्याआधी हा मार्ग जरूर तपासा.

केबल घेताना पाकिटावरच्या ‘२.०’, ‘२.१’, ‘८के’ या आकड्यांवर विसंबू नका. आवृत्ती ही पोर्टची असते. केबलला आवृत्तीचा आकडा लावायचा नाही असाच एचडीएमआयचा नियम आहे. केबलच्या श्रेणी नावाने ओळखतात. ‘हाय स्पीड’ म्हणजे १०.२ गिगाबिट, ‘प्रीमियम हाय स्पीड’ म्हणजे १८ आणि ‘अल्ट्रा हाय स्पीड’ म्हणजे ४८. शेवटच्या दोन श्रेणींच्या अस्सल पाकिटावर एक प्रमाणपत्राचं लेबल असतं, त्यावर क्यूआर कोड असतो आणि तो एचडीएमआयच्या अधिकृत अ‍ॅपने तपासता येतो. दुकानदार ‘साहेब, ८के केबल आहे’ म्हणाला तर पाकीट हातात घेऊन हे नाव आणि हे लेबल शोधा. २०२५ मध्ये २.२ ही आवृत्ती आणि ९६ गिगाबिटची ‘अल्ट्रा ९६’ ही श्रेणीही जाहीर झाली आहे. घरगुती मॉनिटरसाठी तिच्यामागे धावण्याची आज काहीच गरज नाही.

फुल एचडी ६० हर्ट्झसाठी खणातली कुठलीही धडधाकट एचडीएमआय केबल चालते. ४के ६० साठी प्रीमियम हाय स्पीड घ्या. त्यापुढच्या कशासाठीही अल्ट्रा हाय स्पीड. किमतीत थोडाच फरक असेल तर अल्ट्राच घ्यावी, पुढच्या मॉनिटरलाही तीच चालते.

चौथी पायरी: डिस्प्लेपोर्ट असेल तर तोच निवडा

कॉम्प्युटर आणि मॉनिटर दोन्हीकडे एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट असे दोन्ही असतील तर माझा कौल डिस्प्लेपोर्टला. एचडीएमआय हा टीव्हीच्या दुनियेतून आला. डिस्प्लेपोर्ट मात्र ‘व्हेसा’ या संस्थेने २००६ साली कॉम्प्युटरसाठीच तयार केला. त्याची १.२ आवृत्ती २०१० ची, आणि तिच्यातही चित्रासाठी १७ गिगाबिटहून जास्त जागा आहे. म्हणजे जुन्या डिस्प्लेपोर्टवरही ४के ६० हर्ट्झ किंवा १४४०पी १६५ हर्ट्झ निर्धास्त चालतात. २०१६ च्या १.४ आवृत्तीत ही जागा जवळजवळ २६ गिगाबिट आहे, आणि तिच्यात चित्र दाबून पाठवण्याची, डोळ्यांना फरक न कळणारी एक पद्धतही आली. ४के १४४ हर्ट्झचे मॉनिटर त्याच जोरावर चालतात. २.१ आवृत्तीत ८० गिगाबिटपर्यंतचा टप्पा आहे. त्यासाठी ‘डीपी ८०’ असं प्रमाणित केलेली केबल लागते.

दुसरा फायदा ज्यांना दोन मॉनिटर लावायचे आहेत त्यांना. पहिल्या मॉनिटरवर ‘डिस्प्लेपोर्ट आउट’ असा पोर्ट असेल तर कॉम्प्युटरपासून त्याला एक केबल आणि त्याच्यापासून दुसऱ्याला एक, असं साखळीने जोडता येतं. विंडोज आणि लिनक्सवर हे चालतं. मॅकवर साखळीतल्या दोन मॉनिटरवर वेगवेगळं चित्र येत नाही. तिथे थंडरबोल्टची, म्हणजे टाइप-सीच्या आकाराच्या एका जास्त वेगवान जोडणीची वाट धरावी लागते. एम १ किंवा एम २ चिपचं मॅकबुक एअर असेल तर अधिकृतपणे बाहेरचा एकच मॉनिटर चालतो, हे दोन मॉनिटर घेण्याआधी माहीत असलेलं बरं.

डिस्प्लेपोर्टच्या केबलमध्ये एक बारीक खोच आहे. प्लगमधली २० वी पिन ३.३ व्होल्टच्या विजेसाठी राखलेली आहे. मॉनिटरला जोडायच्या केबलमध्ये या पिनेची तार जोडायचीच नाही, असं मानक सांगतं. काही हलक्या दर्जाच्या केबलमध्ये ती जोडलेली असते. मग मॉनिटरमधली वीज उलटी कॉम्प्युटरमध्ये शिरते. लक्षणं चमत्कारिक दिसतात: कॉम्प्युटर बंद केला तरी आतला एखादा दिवा मिणमिणत राहतो, किंवा बटण दाबल्यावर मशीन सुरूच होत नाही आणि केबल उपसली की लगेच सुरू होतं. लोक पॉवर सप्लाय बदलतात, मदरबोर्ड दुरुस्तीला देतात. असं काही दिसलं तर आधी केबल काढून पाहा. व्हेसाने प्रमाणित केलेली केबल घेतली तर हा प्रश्न येत नाही, १.४ पर्यंतच्या वापरासाठी ‘डीपी ८के’ हे प्रमाणन पुरेसं आहे.

आणि काढताना जपून. डिस्प्लेपोर्टच्या बऱ्याच प्लगांना वर एक कळ असते. ती अंगठ्याने पूर्ण दाबून मगच ओढायचं. कॅबिनेट भिंतीला टेकलेलं असताना न दाबता हिसका दिला तर प्लगचे दोन हूक पोर्टाची पत्र्याची चौकट घेऊनच बाहेर येतात.

पाचवी पायरी: टाइप-सी असेल तर जरा जास्त चौकशी करा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे, कारण एकाच आकाराच्या भोकामागे चार-पाच वेगळ्या गोष्टी असू शकतात. काही टाइप-सी पोर्ट फक्त चार्जिंग आणि फाइल नेण्या-आणण्यापुरते असतात. काहींतून डिस्प्लेपोर्टचा सिग्नल जातो. काही थंडरबोल्ट किंवा यूएसबी ४ असतात, त्यांतून सगळंच जातं.

पोर्टाशेजारची खूण बघा. विजेच्या बाणाची खूण असेल तर थंडरबोल्ट, चित्र नक्की जाईल. ‘डी’ आणि ‘पी’ ही अक्षरं एकमेकांत गुंफलेली खूण असेल तरी जाईल. नुसती यूएसबीची त्रिशूळासारखी खूण असेल किंवा काहीच खूण नसेल, तर लॅपटॉपचं नेमकं मॉडेल शोधून कंपनीच्या तपशिलात ‘डिस्प्लेपोर्ट’ किंवा ‘डिस्प्ले आउटपुट’ हे शब्द आहेत का ते पाहा. एकाच लॅपटॉपवर दोन टाइप-सी असतील आणि त्यांतल्या एकातूनच चित्र जात असेल, असंही सर्रास आढळतं.

पोर्ट ठीक असला तरी केबलचा प्रश्न उरतो. मोबाइलच्या चार्जरबरोबर आलेली टाइप-सी केबल मॉनिटरला लावली तर लॅपटॉप चार्ज होईल, पडदा काळाच राहील. त्या केबलमध्ये विजेच्या आणि जुन्या यूएसबी २ च्या तारा तेवढ्या असतात. चित्रासाठी लागणाऱ्या वेगवान जोड्या घातलेल्याच नसतात. बाहेरून दोन्ही केबली सारख्याच दिसतात. जाडीवरून थोडा अंदाज येतो, खात्री मात्र छापील माहितीनेच होते. ‘यूएसबी ४’, ‘४० गिगाबिट’ किंवा ‘थंडरबोल्ट ४’ असं छापलेली प्रमाणित केबल घेतली की चित्र, डेटा आणि चार्जिंग तिन्ही निभावतं. नुसतं ‘१०० वॉट फास्ट चार्जिंग’ लिहिलेलं असेल तर तेवढ्यावर चित्र येईल असं समजू नका.

चार्जिंगचंही पाहून घ्या. टाइप-सी मॉनिटर घेण्याची खरी मजा ही की एकाच केबलने लॅपटॉप चार्जही होतो आणि चार्जर पिशवीतच राहतो. त्यासाठी मॉनिटर किती वॉट देतो ते बघा. ऑफिसच्या हलक्या लॅपटॉपला ६५ वॉट बहुधा पुरतात. जड गेमिंग लॅपटॉप त्यावर नीट चार्ज होत नाही. ६० वॉटहून जास्त नेणाऱ्या केबलच्या प्लगमध्ये एक ओळख सांगणारी चिप असावी लागते आणि केबल ५ अँपिअरची असावी लागते.

एका टाइप-सी पोर्टाचे अनेक पोर्ट करून देणाऱ्या हब आणि डॉकमध्ये अजून एक गोष्ट लपलेली असते. टाइप-सीमध्ये वेगवान तारांच्या चार वाटा असतात. हबला यूएसबी ३ चे पोर्टही चालवायचे असले की दोन वाटा तिकडे जातात आणि चित्राला दोनच उरतात. बाजारातले कित्येक स्वस्त हब म्हणूनच ४के वर ३० हर्ट्झच देतात, आणि ते खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. ‘४के ६० हर्ट्झ’ असे स्पष्ट शब्द दिसल्याशिवाय हब घेऊ नये. काही टाइप-सी मॉनिटरच्या मेनूमध्येच चित्राला प्राधान्य द्यायचं की डेटाला, असा पर्याय असतो. चित्र ३० वर अडलं असेल तर तो पर्याय बदलून पाहा.

कन्व्हर्टर लागणारच असेल तर दिशा बघा

दोन टोकांना वेगवेगळे पोर्ट असतात तेव्हा कन्व्हर्टर किंवा दोन टोकांना वेगवेगळे प्लग असलेली केबल लागते. इथे सिग्नल कॉम्प्युटरकडून मॉनिटरकडे जातो हे कायम डोक्यात ठेवायचं.

कॉम्प्युटरला डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरला एचडीएमआय असेल तर साधी, स्वस्त केबल चालते, कारण कॉम्प्युटरचे बहुतेक डिस्प्लेपोर्ट गरज पडली तर एचडीएमआयचा सिग्नलही देऊ शकतात. उलट, कॉम्प्युटरला एचडीएमआय आणि मॉनिटरला फक्त डिस्प्लेपोर्ट असेल तर तीच केबल उलटी करून लावल्यावर काहीही दिसत नाही. त्यासाठी आत चिप असलेला, बहुधा यूएसबीवरून वीज घेणारा वेगळा कन्व्हर्टर लागतो. दुकानात ‘डीपी टू एचडीएमआय’ आणि ‘एचडीएमआय टू डीपी’ या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे स्पष्ट सांगून मागा.

डीव्हीआय आणि एचडीएमआय यांचं मात्र चांगलं जमतं. साध्या केबलने दोन्ही दिशांनी चित्र जातं. आवाजासाठी मात्र वेगळी तार धरून चला. व्हीजीएला डिजिटलकडून येताना किंवा डिजिटलकडे जाताना प्रत्येक वेळी चिपवाला कन्व्हर्टर लागतो, आणि चित्र शेवटी व्हीजीएच्या दर्जाचंच येतं.

साध्या यूएसबी पोर्टाला एचडीएमआय लावून देणारे छोटे डबेही मिळतात. त्यांना ड्रायव्हर टाकावा लागतो आणि चित्र तयार करून दाबून पाठवण्याचा भार प्रोसेसरवर पडतो. एक्सेल आणि ईमेलसाठी तिसरा पडदा म्हणून ठीक आहेत. व्हिडिओ एडिटिंग किंवा गेमसाठी नाहीत.

अंतर मोजून केबल घ्या

टेबलावरून केबल प्रत्यक्ष कशी फिरणार ते दोरीने मोजा, थोडी ढील धरा आणि तेवढीच घ्या. मॉनिटर वर-खाली करता येणाऱ्या स्टँडवर असेल तर तो पूर्ण वर घेऊन मापा. बहुतेक टेबलांना दीड ते दोन मीटर पुरतात. वेग वाढतो तशी तांब्याच्या केबलची निभावण्याची लांबी कमी होते: ४८ गिगाबिटच्या एचडीएमआयला साधारण ३ मीटरपर्यंतच थांबावं, डिस्प्लेपोर्ट १.४ ला २ मीटरच्या आसपास, १८ गिगाबिटच्या एचडीएमआयला ५ मीटरपर्यंत. त्यापलीकडे, म्हणजे हॉलच्या छताला प्रोजेक्टर असेल तर, ऑप्टिकल केबल घ्या. तिची एकच दिशा असते. दोन टोकांवर ‘सोर्स’ आणि ‘डिस्प्ले’ असं छापलेलं असतं. भिंतीतल्या पाइपातून ओढण्याआधी ते वाचा, आणि टेबलावर एकदा चालवून बघा.

दुकानात केबल हातात घेतल्यावर

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत केबल घेताना ती सोडवून अंगावरची छपाई वाचायला लाजू नका. श्रेणीचं नाव, तारेची जाडी, कधी कधी कंपनीचा क्रमांक, सगळं तिथे बारीक अक्षरांत असतं. जाडी ‘एडब्ल्यूजी’ या मापात लिहितात, आणि आकडा जितका लहान तितकी तार जाड: २८ ची तार ३० पेक्षा जाड. लांब केबलला जाड तार बरी. दीड मीटरला फरक पडत नाही. प्लग हलवून बघा. केबल जिथे प्लगमध्ये शिरते तिथलं रबर पोकळ आणि ढिलं लागत असेल तर ती पहिल्यांदा तिथेच तुटेल.

सोन्याचा मुलामा दिलेल्या प्लगबद्दल दुकानात फार ऐकवलं जातं. डिजिटल चित्राचा रंग किंवा स्पष्टता त्याने वाढत नाही. सोनं गंजत नाही, हा त्याचा खरा गुण. रत्नागिरी-मालवणच्या किंवा गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत केबल वर्षानुवर्षं लावून ठेवायची असेल तर तो गुण कामाचा आहे, आणि बऱ्यापैकी कंपन्यांच्या साध्या केबलवरही तो असतो. त्यासाठी दुप्पट पैसे मोजू नयेत. जाळीदार कापडी आवरण दिसायला छान, पण ते अनेकदा केबल ताठ करतं आणि हलक्या मॉनिटरच्या पोर्टावर वजन टाकतं.

लावल्यावर तपासा, नुसतं चित्र बघून थांबू नका

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग सिस्टीम, मग डिस्प्ले, मग अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले असं जा. तिथे रिझोल्यूशन, रिफ्रेश रेट आणि रंगाचा प्रकार दिसतो. १६५ हर्ट्झचा मॉनिटर नव्याने लावला तरी विंडोज बहुतेकदा ६० वरच ठेवतं. यादी उघडून वरचा आकडा स्वतः निवडावा लागतो. कित्येक जण वर्षभर हे न करता मॉनिटर वापरत असतात. मॅकवर सिस्टीम सेटिंग्जमध्ये डिस्प्लेजखाली हाच पर्याय आहे.

हवा तो आकडा यादीतच नसेल तर मॉनिटरचा स्वतःचा मेनू उघडा. काही मॉनिटर जुन्या उपकरणांशी जुळावं म्हणून एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टची आवृत्ती खालच्या पायरीवर ठेवून येतात, आणि ती मेनूतून वर चढवावी लागते.

रंगाच्या प्रकारात ‘आरजीबी’ असेल तर उत्तम. ‘४:२:०’ किंवा ‘४:२:२’ दिसत असेल तर पोर्टाची जागा कमी पडते म्हणून रंगाची माहिती कापून पाठवली जात आहे. चित्रपटात ते जाणवत नाही, पण निळ्या पट्टीवरची लाल अक्षरं वाचून बघा: कडा फुटलेल्या दिसतील. दिवसभर मजकुरावर काम करणाऱ्याने हे चालवून घेऊ नये. एक पायरी वरची केबल किंवा दुसरा पोर्ट वापरावा, तेही शक्य नसेल तर रिफ्रेश रेट थोडा उतरवून पूर्ण रंग घ्यावेत. आणि काळा रंग राखाडी, धुरकट वाटत असेल तर केबल बदलायची घाई करू नका. ग्राफिक्स कार्डच्या सेटिंगमध्ये रंगाची कक्षा ‘लिमिटेड’ झालेली असते, ती ‘फुल’ करा.

केबल कमी पडत असेल तर ती ठरावीक खुणा दाखवते. पडद्यावर विखुरलेले पांढरे किंवा रंगीत ठिपके चमकतात. चित्र एखाद्-दोन सेकंद काळं होऊन परत येतं, आणि हे बहुधा रिफ्रेश रेट वाढवल्यावरच सुरू होतं. अशा वेळी रिफ्रेश रेट ६० वर आणून पाहा. त्रास थांबला तर केबल अपुरी आहे किंवा खराब झाली आहे, आणि दुसरी लहान, प्रमाणित केबल लावून खात्री करता येते.

काहीच दिसत नसेल तर क्रमाने जा. मॉनिटरच्या बटणाने इनपुट योग्य पोर्टावर आहे का ते पाहा; ‘नो सिग्नल’च्या कितीतरी तक्रारी इथेच मिटतात. दोन्ही टोकं काढून परत घट्ट बसवा. डेस्कटॉप असेल तर केबल ग्राफिक्स कार्डलाच आहे ना ते बघा. मग तीच केबल दुसऱ्या मॉनिटरवर किंवा घरातल्या टीव्हीवर लावून बघा. तिथे चालली तर केबल चांगली आहे. मग मॉनिटरचा दुसरा पोर्ट आणि कॉम्प्युटरचा दुसरा पोर्ट आळीपाळीने तपासा. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदल एकदम केले तर दोष नेमका कुठे होता ते कळत नाही, आणि महिन्याभराने तोच त्रास परत आला की सगळं पहिल्यापासून करावं लागतं.